न झालेल्या धावांचा हिशेब

जुन्या मराठी पेपरांत कसोटीचा धावफलक छापून यायचा तेव्हा त्यात एक ओळ वरचेवर दिसायची : ‘झे. सोलकर गो. बेदी’. बळी बेदीच्या खात्यात जमा व्हायचा. सोलकरच्या वाट्याला ‘झे.’ एवढं एक अक्षर आणि एक टिंब. एकनाथ सोलकरनं २७ कसोटींत ५३ झेल घेतले. त्यातले बरेचसे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट न घालता, बॅटच्या पुढ्यात जवळजवळ उकिडवं बसून. त्या झेलांनी भारताच्या किती धावा वाचल्या, किती सामने आपल्या बाजूला झुकले, हे आकड्यात सांगा म्हटलं तर आजही कोणाला धड सांगता येणार नाही. गावसकरच्या धावा पोरंसोरं पाठ म्हणून दाखवायची. सोलकरच्या ‘वाचवलेल्या’ धावा मात्र कुठेच लिहिलेल्या नाहीत.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना हीच गोष्ट सलत होती. ती माणसं आकड्यांची इतकी वेडी, की गेली पंचवीसेक वर्षं त्यांनी हा प्रश्न सोडलाच नाही : जी धाव झालीच नाही, ती मोजायची कशी? त्यांना जे उत्तर सापडलं ते पुरं नाही, पण बऱ्यापैकी कामाचं आहे. ते समजून घ्यायला केविन कीरमायर या खेळाडूची कारकीर्द फार सोयीची पडते. हा गडी फलंदाज म्हणून बेताचा. जवळपास अकरा वर्षांच्या कारकिर्दीत सरासरी ०.२४६, म्हणजे शंभरात पंचवीससुद्धा हिट (यशस्वी फटके) नाहीत, आणि होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे कुंपणापलीकडचे फटके, शंभराच्या आतच. तरीही चार वेळा गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, कोट्यवधी डॉलरचा करार आणि शेवटी विजेतेपदाची अंगठी. हे सगळं त्यानं पळून, उडी मारून आणि जमिनीवर लोळून मिळवलं.

शंभर गुंठ्यांची राखण

बेसबॉलचं मैदान आधी डोळ्यांसमोर आणू. क्रिकेटमध्ये बॅटवाला मधोमध आणि क्षेत्ररक्षक चहूकडे. बेसबॉलमध्ये बॅटवाला एका कोपऱ्यात उभा असतो आणि मैदान त्याच्यापुढे पंख्यासारखं नव्वद अंशांत उघडतं. दोन्ही कडांना कुंपण साधारण ३३० फुटांवर, मधोमध ४०० फुटांच्या आसपास. या पंख्याचं क्षेत्रफळ काढलं तर अडीच एकर भरतं, म्हणजे आपल्या भाषेत शंभर गुंठे. त्यातला पुढचा लहानसा चौकोन, बेस (धाव काढताना ओळीनं शिवायच्या चार जागा) आणि मातीचा भाग, चार इनफिल्डर सांभाळतात. मागचं सगळं हिरवं रान तिघांच्या हवाली : लेफ्ट, सेंटर आणि राइट. या तिघांना आउटफिल्डर म्हणतात. सेंटर फील्डर मधला, वाट्याला सगळ्यांत जास्त जमीन आलेला. दोघांच्या मधे चेंडू उंच गेला आणि सेंटर फील्डरनं ‘माझा’ म्हणून ओरडलं, की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं असा रिवाज आहे.

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला सुरुवातीला यात काही विशेष वाटत नाही. हातात एवढा थोरला चामड्याचा ग्लोव्ह, त्यात झेल घेणं म्हणजे काय मोठंसं? मलाही तसंच वाटायचं. फ्लोरिडातला सामना आपल्याकडे पहाटे चार-चाळीसला सुरू होतो. त्या वेळी डोळे चोळत बघताना दिसतो तो एक माणूस, आरामात पळत जाऊन पोत्यात आंबा झेलावा तसा चेंडू झेलणारा. मेख झेलण्यात नाही, पोचण्यात आहे. आणि टीव्हीवर पोचणं दिसत नाही. कॅमेरा पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटरवर असतो, चेंडू उडाला की तो चेंडूच्या मागे फिरतो, आणि आउटफिल्डर चौकटीत येतो तोवर त्याचं निम्मं काम आटोपलेलं असतं.

हवेतला मारा चार-पाच सेकंद टिकतो, सपाट असेल तर त्याहून कमी. लीगमधला सर्वसाधारण खेळाडू भरवेगात सेकंदाला २७ फूट पळतो, अगदी तुफान पळणारा ३०. या दोघांत चार सेकंदांत फार तर डझनभर फुटांचा फरक पडेल. उलट, चेंडू कुठे चाललाय हे ओळखायला अर्धा सेकंद जास्त लागला, किंवा पहिलं पाऊल चुकीच्या दिशेला पडलं, की सगळ्यांत चपळ माणसाचेही १५ फूट तिथेच गेले. म्हणून नुसता पळणारा चांगला आउटफिल्डर होईलच असं नाही. पाय लागतातच, पण आधी नजर लागते.

सगळ्यांत अवघड मारा कोणता, असं विचारलं तर नवखा माणूस म्हणेल, लांब बाजूला गेलेला. खेळणारे सांगतात, थेट आपल्या डोक्यावर येणारा. बाजूला जाणाऱ्या चेंडूची कमान दिसते, सरळ अंगावर येणारा चेंडू नुसता एक ठिपका. पुढे पडणार की डोक्यावरून जाणार, ते कळत नाही. मग माणूस झेल घेतो तरी कसा? तो मनात भूमितीचं गणित सोडवत नाही, एवढं नक्की. १९६८ साली सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञानं एक सुटसुटीत युक्ती मांडली. चेंडू नजरेत ज्या चालीनं वर चढतो ती चाल एकसारखी राहील अशा बेतानं पुढे-मागे सरकत राहा. चढण्याचा वेग वाढताना दिसला तर चेंडू डोक्यावरून जाणार, मागे पळा. मंदावताना दिसला तर पुढे पडणार, पुढे धावा. चाल सारखी राखली की चेंडू आपण होऊन तुमच्यापाशी येतो. १९९५ मध्ये मॅकबीथ, शाफर आणि कायझर यांनी याला दुसरी जोड दिली : बाजूला जाणाऱ्या चेंडूची वाट नजरेत वाकू न देता सरळ रेषेत ठेवायची, म्हणजे पाय आपोआप योग्य वळण घेतात. दोन्हींत चेंडू कुठे पडणार हे आधी ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. गल्लीत पतंगामागे पळणाऱ्या पोराला कोणी भौतिकशास्त्र शिकवलेलं नसतं, तसंच हे.

चांगले सेंटर फील्डर मात्र याच्याही पुढे जातात. बॅटचा आवाज, बॅटवाल्यामागे बसणाऱ्या कॅचरनं चेंडू कुठे मागितलाय ते, बॅटवाल्याचा खांदा, यावरून त्यांचा अंदाज चेंडू उडायच्या आतच बांधलेला असतो. ते चेंडूकडे पाठ फिरवून थेट कुंपणाकडे धावत सुटतात आणि शेवटच्या क्षणी मान वळवतात. १९५४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर विली मेजनं विक वर्ट्झचा झेल असाच, पाठमोरा पळत, खांद्यावरून घेतला होता. सत्तर वर्षं झाली, अमेरिकेत अजून त्याची चित्रफीत दाखवतात.

९४१ वा मुलगा

कीरमायर इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावचा, जन्म १९९० चा. शाळेत फुटबॉलही खेळलेला, अर्थात त्यांचा अमेरिकन फुटबॉल. त्याचा थोरला भाऊही बेसबॉलमध्येच आहे, पण वेगळ्या वाटेनं : शिकागोच्या रिगली फील्डवर गवत आणि माती राखणाऱ्या मंडळींचा तो प्रमुख झाला. एका भावानं मैदान राखायचं, दुसऱ्यानं मैदानावर राखण करायची. कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर ओढूनताणून जुळवलंय म्हटलं असतं.

पार्कलँड कॉलेज या इलिनॉयमधल्या दोन वर्षांच्या कॉलेजातून २०१० मध्ये टँपा बे रेज संघानं त्याला निवडलं, ३१ व्या फेरीत. देशभरातल्या निवडींत त्याचा क्रमांक होता ९४१. बेसबॉलमध्ये संघ पाळीपाळीनं मुलं निवडतात आणि तेव्हा ही निवड ५० फेऱ्या चालायची. पहिल्या फेरीतल्या मुलाला लाखो डॉलर मिळतात, तिसाव्या फेरीनंतरचा मुलगा मुख्य लीगपर्यंत पोचला तर लोकांना नवल वाटतं. २०२१ पासून ही निवड फक्त २० फेऱ्यांवर आणली आहे. आज त्याच्यासारख्या मुलाचं नाव कोणी पुकारणारच नाही.

मुख्य लीगमध्ये तो पहिल्यांदा उतरला तो प्रसंग त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा नमुनाच म्हणावा. ३० सप्टेंबर २०१३. हंगामाचे १६२ सामने संपूनही रेज आणि टेक्सस रेंजर्स बरोबरीत राहिलेले, म्हणून एक जादा सामना. जो जिंकेल तो पुढे जाईल. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये रेज ५-२ नं पुढे असताना प्रशिक्षकांनी एका पोराला सेंटर फील्डला पाठवलं, ज्यानं मुख्य लीगमध्ये तोवर एकही चेंडू खेळलेला नव्हता. बॅट हातात घ्यायचीच नव्हती, फक्त काही जमिनीवर पडू द्यायचं नव्हतं. रेज जिंकले.

२०१४ मध्ये तो मोठ्या संघात आला आणि २०१५ पासून सेंटर फील्ड त्याचंच झालं. रेजचं घरचं मैदान म्हणजे फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमधलं ट्रॉपिकाना फील्ड. त्याच्याविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण आउटफिल्डरची परीक्षा पाहायला म्हणूनच कोणी ते बांधलं असावं असं वाटतं. वर घुमट, तोही पांढुरका. उंच गेलेला पांढरा चेंडू त्या पांढऱ्या छपरावर हरवतो. छपराखाली गोलाकार लोखंडी पूल टांगलेले, चेंडू कधी कधी त्यांवर आपटून भलतीकडे पडतो, आणि कोणत्या पुलाला लागला तर काय धरायचं याचे वेगळे नियम. खाली नैसर्गिक गवत नाही, कृत्रिम हिरवळ. त्यावर अंग टाकलं की कातडं सोलवटतं, गुडघे नि कंबर कुरकुरतात. पाहुण्या संघांचे आउटफिल्डर तिथे वर बघत बावचळायचे. कीरमायरच्या संघाचे वर्षाला ८१ सामने त्या छपराखाली व्हायचे.

जो पोचत नाही, त्याची चूक होत नाही

आता हिशेबाकडे वळू. क्षेत्ररक्षण मोजण्याची जुनी रीत अगदी सोपी होती. किती संधी आल्या, त्यातल्या किती साधल्या, किती चुकांची नोंद झाली, काढा टक्केवारी. चुका कमी तो चांगला. ऐकायला ठीक आहे. पण चूक कोणाच्या नावावर लागते? जो चेंडूपर्यंत पोचला आणि ज्याच्या हातून तो निसटला, त्याच्या. जो जड पायांनी निघाला, वीस फूट मागे राहिला आणि टप्पा पडल्यावर चेंडू उचलून फेकला, त्याच्या नावावर काहीच नाही. तो बॅटवाल्याचा चांगला फटका. म्हणजे जो धडपडतो त्याला दंड आणि जो धडपडतच नाही त्याला शाबासकी. कार्यालयात काम करणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पुरस्कारांचं तर विचारूच नका. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी १९५७ पासून गोल्ड ग्लोव्ह दिला जातो. मतं देणार संघांचे मॅनेजर आणि प्रशिक्षक. त्यांची नजर जाणती असली तरी सगळ्यांना सगळे सामने बघता येत नाहीत, मग नावावर मत पडतं. १९९९ मध्ये रफाएल पाल्मेरोला फर्स्ट बेसचा गोल्ड ग्लोव्ह मिळाला. त्या हंगामात फर्स्ट बेसवर तो २८ सामने उभा होता. बाकी सगळं वर्ष त्यानं नुसती बॅटिंग केली होती! २०१३ पासून या निवडीत साधारण चौथा हिस्सा आकडेवारीला दिला गेला, त्यामागे असलेच किस्से आहेत.

वळण आलं ते २००१ च्या सुमारास, तेही भलत्याच बाजूनं. वोरोस मॅकक्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकाच्या लक्षात आलं, की बॅटला लागून मैदानात आलेल्या चेंडूंपैकी किती बाद ठरतात यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. भले भले पिचरही एका वर्षी यात वर असतात, पुढच्या वर्षी खाली. लोक चिडले, पण आकडे हलेनात. मग प्रश्न उभा राहिला : चेंडू बाद ठरण्याचं श्रेय पिचरचं नसेल तर कोणाचं? काही नशिबाचं, आणि बरंचसं पळणाऱ्यांचं. म्हणजे इतकी वर्षं ‘गो. बेदी’ म्हणून जे लिहीत होतो, त्यातला मोठा वाटा सोलकरचा निघाला. (बेदीभक्तांनी रागावू नये, ही बेसबॉलची गोष्ट चालली आहे.)

त्यातून २००३ पासून एक मोजमाप रुळलं, वाचवलेल्या धावांचं. पद्धत अशी. माणसं बसून प्रत्येक सामन्याचं चित्रण बघतात आणि प्रत्येक मारा कुठे गेला, किती जोरात, किती उंच, याची नोंद करतात. मग पाहायचं, की त्याच जागी, तसाच गेलेला चेंडू लीगमधले सेंटर फील्डर दहातून किती वेळा झेलतात. समजा तीन वेळा. म्हणजे अवघड झेल. आपल्या गड्यानं तो घेतला तर त्याच्या खात्यात ०.७ जमा. नाही घेतला तर ०.३ वजा, कारण बहुतेकांना जमत नाही, त्याला फार दोष देता येत नाही. दहातून नऊ जण घेतात तो झेल घेतला तर फक्त ०.१ मिळतो, आणि सोडला तर ०.९ उडतात. सोप्या झेलावर कोणी श्रीमंत होत नाही, कंगाल मात्र होऊ शकतो.

हंगामभराची अशी बेरीज केली की सरासरी खेळाडूपेक्षा किती झेल जास्त, ते कळतं. पुढे त्याच्या धावा करायच्या. आउटफिल्डमधला झेल हुकला तर तो पुष्कळदा दोन बेसांचा फटका ठरतो. एक गडी बाद होण्याऐवजी एक गडी दुसऱ्या बेसवर उभा, या दोन परिस्थितींत सरासरीनं साधारण एका धावेचा फरक पडतो. यात खेळाडूच्या हाताचंही मोल धरतात. बेसबॉलमध्ये उंच झेल घेतल्यानंतर बेसवरच्या धावपटूला बेस शिवून पुढे पळायची मुभा असते. फेक दमदार असेल तर तो पळतच नाही. कीरमायरची फेक ताशी १०० मैलांच्या घरात जायची. धावपटू जागचा हलला नाही याची धावफलकात कुठेही नोंद नसते, पण या हिशेबात असते.

२०१५ च्या हंगामात कीरमायरच्या नावापुढे आकडा आला ४२. बेचाळीस धावा वाचवल्या. मोजमाप सुरू झाल्यापासूनच्या तोवरच्या बारा-तेरा हंगामांत, मैदानावरच्या कोणत्याही जागेवर, इतका आकडा कोणाचा आला नव्हता. ढोबळ नियम असा, की दहा धावा म्हणजे एक विजय. म्हणजे या माणसानं नुसत्या पळण्यातून संघाला चारेक सामने जिंकून दिले. त्याच वर्षी बॅटिंग सरासरी ०.२६३ आणि होमरन फक्त १०. गोल्ड ग्लोव्ह मिळाला, त्याशिवाय अमेरिकन लीगमधल्या (मुख्य लीगच्या दोन भागांपैकी एक) सगळ्या क्षेत्ररक्षकांत अव्वल म्हणून प्लॅटिनम ग्लोव्हही. संघ मात्र ८० जिंकून ८२ हरला, स्पर्धेबाहेर. चार सामन्यांनी नेहमीच नशीब पालटतं असं नाही.

त्या वर्षीचा एक झेल सांगतो. ऑगस्टचा शेवटचा दिवस, बाल्टिमोरचं मैदान. मॅनी मचाडोनं चेंडू सेंटरच्या दिशेनं उंच मारला, होमरन होणार हे बॅटच्या आवाजातच कळत होतं. कुंपण सात फुटांचं. कीरमायर पळत आला, पायाखालची माती बदलल्याची जाणीव झाली असेल. गवत संपून कुंपणाआधी मातीचा पट्टा लागतो तो त्यासाठीच, की नजर वर असलेल्या माणसाला पायांनी कळावं, आता भिंत आली. पाऊल मोजून त्यानं उडी घेतली आणि डावा हात कुंपणापलीकडे घातला. खाली आला तेव्हा चेंडू ग्लोव्हमध्ये होता. जुन्या हिशेबात याची नोंद ‘एक झेल’ अशी होते, एखाद्यानं उभ्या जागी घेतलेल्या झेलाएवढीच.

पहिला दीड सेकंद

चित्रण बघून नोंदी करणाऱ्या माणसांचीही नजर चुकते. म्हणून २०१५ पासून लीगमधल्या सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आली. चेंडूची आणि प्रत्येक खेळाडूची जागा ती सेकंदाच्या बारीक भागांत टिपते. आता अंदाज नको, थेट मोजा : झेलासाठी किती फूट पळायचं होतं, किती सेकंद हातात होते, पुढे जायचं होतं की मागे, कुंपण आडवं येत होतं का. त्यावरून झेलाची शक्यता टक्क्यांत निघते. शंभरातून पंचवीस किंवा त्याहून कमी वेळा घेतला जाणारा झेल पाच तारे, सगळ्यांत सोप्यापैकी असेल तर एक.

या यंत्रणेनं मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट उघड केली, ती म्हणजे पहिल्या तीन सेकंदांची चिरफाड. चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून पहिल्या दीड सेकंदात खेळाडू किती फूट हलला, ही त्याची तत्परता. पुढच्या दीड सेकंदात किती, तो त्याचा जोर. आणि या सगळ्यात सरळ वाटेनं गेला की वळसा घालून, तो मार्ग. या तिन्हींत सगळेच सारखे नसतात. कोणी लगेच निघतो पण अंदाजानं, म्हणून वाट वाकडी होते. कोणी क्षणभर थांबून नीट बघतो आणि मग सरळ जातो. दोघेही शेवटी त्याच जागी पोचू शकतात. कट्ट्यावरची माणसं जिला इतकी वर्षं ‘उपजत जाण’ म्हणत होती, ती आता फुटांत लिहून येते.

तरी शंका राहतातच. गडी मुळात योग्य जागी उभा होता म्हणून झेल सोपा झाला, तर श्रेय त्याचं की त्याला तिथे उभं करणाऱ्याचं? हल्ली आउटफिल्डरच्या टोपीत किंवा मागच्या खिशात एक छोटं कार्ड असतं. कोणता बॅटर आला की कुठे उभं राहायचं ते त्यावर छापलेलं. चित्रणावरचं आणि स्टॅटकास्टचं, ही दोन मोजमापं याच मुद्द्यावर वेगळी बोलतात, आणि एकाच खेळाडूबद्दल त्यांचे आकडे कधी कधी बरेच लांब असतात. माझ्या मते एका हंगामाच्या आकड्यावर फार विसंबू नये. तीन वर्षं तेच दिसलं तर खुशाल मानावं. कीरमायरच्या बाबतीत ते वर्षानुवर्षं तसंच दिसत राहिलं.

कार्डांवरून आठवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरांटो ब्लू जेजविरुद्ध कीरमायर होम प्लेटकडे (जिथे पोचलं की धाव पुरी होते तो बेस) घसरत आला आणि बाद झाला. त्या झटापटीत टोरांटोचा कॅचर अलेहांद्रो कर्क याच्या मनगटावरचं कार्ड मातीत पडलं. रेजच्या कोणत्या बॅटरला कसा चेंडू टाकायचा, याची सगळी योजना त्यावर. कीरमायरनं ते उचललं आणि घेऊन गेला. टोरांटोवाल्यांनी मागितलं, परत मिळालं नाही. दोन दिवसांनी त्यांच्या रायन बोरुकीनं त्याच्या पाठीत चेंडू घातला, पंचांनी बोरुकीला बाहेर काढलं, पुढे तीन सामन्यांची बंदीही आली. कीरमायरची ती कृती मला काही फारशी आवडली नव्हती. गंमत म्हणजे सव्वा वर्षानं त्याच टोरांटोनं ९० लाख डॉलर देऊन त्याला एका वर्षासाठी घेतलं.

अंगावर निघालेली किंमत

पैशाची गोष्ट थोडक्यात. मार्च २०१७ मध्ये रेजनं त्याच्याशी ६ वर्षांचा, ५.३५ कोटी डॉलरचा करार केला. रेज हा लीगमधल्या काटकसरी संघांपैकी एक. होमरन मारणाऱ्यांचे भाव त्यांना परवडत नाहीत. पण धाव करणं आणि धाव वाचवणं सामन्याच्या निकालात सारखंच, आणि वाचवणाऱ्यांचे भाव बाजारात अजून कमी होते. डाळ तीच, दुकान स्वस्तातलं, इतका साधा विचार. हाच खेळाडू १९८५ मध्ये असता तर ‘मारता येत नाही’ म्हणून बाकावर बसला असता, किंवा लोक म्हणाले असते, पोरगं चपळ आहे हो, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

पण झोकून देऊन खेळणाऱ्याचं शरीर हप्त्याहप्त्यानं वसुली करतं. मे २०१६ मध्ये झेलासाठी सूर मारताना डावा हात मोडला, जवळपास दोन महिने बाहेर. तरी त्या वर्षी १०५ सामन्यांत दुसरा गोल्ड ग्लोव्ह. जून २०१७ मध्ये फर्स्ट बेसवर घसरताना उजव्या खुब्याला फ्रॅक्चर. एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा घसरताना अंगठ्याचा स्नायुबंध फाटला. त्या दोन वर्षांत मिळून २०० सामनेही झाले नाहीत. २०१९ ला तिसरा गोल्ड ग्लोव्ह. २०२२ मध्ये डाव्या खुब्यावर शस्त्रक्रिया आणि रेजबरोबरचा करार संपला. झेलांचे हे सगळे आकडे बघताना मला तो न मांडलेला दुसरा रकाना आठवतो, मैदानाबाहेर बसलेल्या दिवसांचा. वाचवलेल्या धावांतून ते दिवस वजा करायचे की नाही, यावर संघवाले नक्कीच भांडत असतील.

बॅटनंही कधी तरी हात दिला. २०२० च्या वर्ल्ड सीरिजमध्ये रेज लॉस एंजेलिसच्या डॉजर्सविरुद्ध खेळले, त्यात पहिल्याच सामन्यात त्यानं त्यांचा नामवंत पिचर क्लेटन कर्शॉ याला होमरन मारला. चौथ्या सामन्यात तर शेवटच्या क्षणी बरोबरीची धाव पळून काढणाराही तोच. ती लढत रेज ८-७ नं जिंकले, मालिका मात्र सहा सामन्यांत हरले.

टोरांटोत ३३ व्या वर्षी, शस्त्रक्रिया झालेल्या खुब्यानं, त्यानं चौथा गोल्ड ग्लोव्ह मिळवला. तोही २०२३ मध्ये, जेव्हा विशीतली पोरं त्याच्यापेक्षा जोरात पळत होती. पाय थोडे मंदावले असतील, पहिलं पाऊल मंदावलं नव्हतं. पुढच्या वर्षी बॅट पार थंडावली. जुलै २०२४ मध्ये त्यानं हंगामाअखेर निवृत्त होणार असं सांगून टाकलं. त्याच महिन्याच्या शेवटी टोरांटोनं त्याला डॉजर्सकडे धाडलं, चार वर्षांपूर्वी ज्यांनी हरवलं होतं त्यांच्याकडेच. तिथे काम ओळखीचं : सामना हातात आला की शेवटच्या इनिंगला सेंटर फील्डला जाऊन उभं राहायचं, अकरा वर्षांपूर्वी टेक्ससमध्ये उभा राहिला होता तसं. ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्सनी न्यूयॉर्कच्या यँकीजना पाच सामन्यांत हरवलं आणि त्याला अंगठी मिळाली.

त्याच महिन्यात, ९ ऑक्टोबरच्या रात्री, मिल्टन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलं. डॉजर्स तेव्हा तिकडे सॅन डिएगोत खेळत होते. सकाळी सेंट पीटर्सबर्गची चित्रं आली : ट्रॉपिकानाच्या घुमटाचं कापड फाटून लोंबत होतं, लोखंडी पुलांचे सांगाडे उघडे पडले होते, आणि ज्या पांढऱ्या छपरावर तो वर्षानुवर्षं चेंडू शोधत होता तिथून सेंटर फील्डवर लख्ख ऊन पडलं होतं.